घरच्या नेटसाठी बिनपंख्याची फायरवॉल : खोक्यापासून नियमांपर्यंत

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात नेटला किती वस्तू जोडलेल्या आहेत ते मी एकदा कागदावर मांडले. चार फोन, दोन लॅपटॉप आणि एक प्रिंटर, फार तर टीव्ही, असा माझा अंदाज होता. त्यात चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, दारावरची घंटा, दोन एसी आणि तीन दिवे मिळवल्यावर आकडा १९ वर गेला. फोन आणि लॅपटॉप यांना नियमित अपडेट मिळते. रेकॉर्डरला मात्र तो बसवल्या दिवसापासून एकही अपडेट मिळालेले नव्हते, आणि बसवणाऱ्याने त्याचा पासवर्डही कारखान्यातून आला तसाच ठेवला होता. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर असा मारा झाला की अनेक मोठ्या साइट काही तास उघडेनात.

नेट देणाऱ्याने बसवलेला राउटर बाहेरून आत येऊ पाहणारे बहुतेक ट्रॅफिक अडवतो. ते काम तो नॅटमुळे, म्हणजे घरातल्या सर्व वस्तू बाहेर एकाच पत्त्यामागे ठेवण्याच्या पद्धतीमुळे, जवळजवळ आपोआप करतो. पण घराच्या आत तो सर्वांना एकाच पंगतीला बसवतो. बँकेचे व्यवहार करणारा लॅपटॉप आणि कोणत्या कारखान्यात बनला हेही ठाऊक नसलेला दिवा एकमेकांच्या ताटात हात घालू शकतात, आणि आतून बाहेर कोण काय पाठवते याची नोंद कोठेच राहत नाही. स्वतःची फायरवॉल, म्हणजे नेटच्या वाटेवर बसून काय जाऊ द्यायचे आणि काय अडवायचे ते ठरवणारे यंत्र, उभारायची ती मुख्यतः या दोन गोष्टींसाठी, म्हणून या लेखात पंगती वेगळ्या करणे आणि बाहेर जाणाऱ्यावर लक्ष ठेवणे यांना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

यंत्र कोणते घ्यावे

जुना डेस्कटॉप वापरून फायरवॉल करता येते, आणि शिकण्यासाठी ते उत्तमही आहे. परंतु हे यंत्र वर्षाचे ३६५ दिवस चालू राहणार असते, आणि जुना डेस्कटॉप काही न करताही सहज ३०-४० वॉट खातो. शिवाय त्याचा पंखा वर्षभरात धुळीने भरतो. पंखा नसलेल्या मिनी पीसीत संपूर्ण ॲल्युमिनियमचे कवच हेच उष्णता बाहेर टाकण्याचे काम करते, त्यात हलणारा एकही भाग नसतो, आणि माझा संच सरासरी १२ वॉटच्या आसपास वीज घेतो. म्हणजे महिन्याला जेमतेम ९ युनिट.

सध्या या कामासाठी इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर सर्वांत सोयीचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या या प्रोसेसरला ४ कोअर आहेत, त्याची ठरलेली वीजमर्यादा ६ वॉट आहे, आणि घरगुती जोडणीसाठी त्याची ताकद पुरून उरते. मेमरी ८ जीबी आणि एसएसडी १२८ जीबी एवढे पुरेसे असते. अधिक मेमरी घेण्यात पैसे घालवण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या नेटवर्क स्विचवर, म्हणजे अनेक वस्तू केबलने एकत्र जोडणाऱ्या साधनावर, खर्च करावेत.

खरेदी करताना प्रोसेसरपेक्षाही नेटवर्क पोर्टांची चिप कोणती आहे याकडे लक्ष द्यावे. येथे सुचवलेली ओपीएनसेन्स ही फायरवॉलची प्रणाली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते, आणि फ्रीबीएसडीवर इंटेलच्या चिपांचा अनुभव रियलटेकच्या चिपांपेक्षा बराच चांगला आहे. चार पोर्टांच्या एन१०० यंत्रांत बहुधा इंटेलची आय२२६-व्ही चिप असते आणि तिचे पोर्ट २.५ गिगाबिटचे असतात. आय२२५ लिहिलेले जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी टाळावे, कारण त्या चिपेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होते. दोन पोर्टांत काम भागते, तरीही चार घ्यावेत. त्याचा उपयोग पुढे दोनदा दिसेल.

यंत्र घरी आल्यावर लगेच काही बसवू नये. मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर मेमरी तपासावी, कारण अनामिक कंपनीची मेमरी बसवून आलेल्या यंत्रांत पुढे जो विचित्र त्रास होतो, त्याचे मूळ अनेकदा तिथेच असते. त्यानंतर बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगांत, जाऊन दोन गोष्टी कराव्यात. सिक्युअर बूट बंद करावे, आणि वीज गेल्यानंतर परत आली की यंत्र आपोआप सुरू व्हावे असा पर्याय शोधून तो चालू करावा. हा दुसरा पर्याय विसरलात तर महावितरणची वीज पहाटे अर्धा मिनिट जरी गेली तरी सकाळी घरातले सगळे तुमच्याकडे पाहत उभे राहतील.

जागा, ऊन आणि वीज

नाशिकची हवा थंड, हा समज एप्रिल-मे महिन्यांत बाजूला ठेवावा लागतो. पारा ४० च्या घरात जातो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कपाटात किती तापते हे मी स्वतः अनुभवले आहे. दिसायला बरे म्हणून मी पहिले दोन महिने हे यंत्र टीव्हीखालच्या बंद खणात, सेट टॉप बॉक्सवर ठेवले होते. मे महिन्याच्या एका दुपारी नेट अडखळू लागले, म्हणून खण उघडून कवचाला हात लावला तर तो ठेवता येईना, आणि प्रोसेसरचे तापमान ८८ अंश दिसत होते. तेच यंत्र उघड्या भिंतीवर, कवचाच्या पाती उभ्या राहतील असे टांगल्यावर त्याच हवेत ते ६० च्या खाली आले. पाती उभ्या ठेवल्या की गरम हवा वर सरकण्यास वाट मिळते. एवढे साधे कारण आहे. तापमान पडद्यावर दिसण्यासाठी सेटिंगांतल्या थर्मल सेन्सर या ठिकाणी इंटेलचा पर्याय निवडावा लागतो.

ही यंत्रे बहुधा १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतात, त्यामुळे राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस त्यांना चालू शकतो. मात्र ॲडॉप्टरवर जेवढे ॲम्पिअर लिहिले आहेत तेवढे किंवा त्याहून जास्त देण्याची क्षमता त्या यूपीएसमध्ये असली पाहिजे, आणि पिनचा आकार जुळला पाहिजे. नेट देणाऱ्याने बसवलेला फायबरचा डबा, फायरवॉल आणि वायफाय या तिघांनाही बॅकअप दिला नाही तर एकट्या फायरवॉलला देऊन काही उपयोग नाही.

पावसाळ्याविषयीही एक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडे अनेक सोसायट्यांत अजूनही फायबर खालच्या मजल्यापर्यंत किंवा गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येते, आणि तिथून घरात तांब्याची लॅन केबल उघड्यावरून सोडलेली असते. जवळपास वीज कडाडली की तिच्यातून आलेला झटका थेट पोर्टावर बसतो. माझ्या पहिल्या यंत्राचा वॅन, म्हणजे बाहेरच्या नेटचा, पोर्ट जूनच्या पहिल्याच वळिवात गेला. चार पोर्ट घेतल्याचा पहिला फायदा तेव्हा झाला, कारण केबल चौथ्या पोर्टात लावून पडद्यावर एक बदल केल्याबरोबर घर पुन्हा चालू झाले. शक्य असेल तर फायबर थेट घरात घ्यावे, कारण काचेच्या तारेतून विजेचा झटका येत नाही.

प्रणाली : ओपीएनसेन्स

या कामासाठी मोफत मिळणाऱ्या प्रणालींत पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या दोन भावंडांची नावे नेहमी पुढे येतात. २००४ मध्ये एम०एन०वॉल या छोट्या प्रकल्पातून पीएफसेन्सची शाखा फुटली, आणि जानेवारी २०१५ मध्ये पीएफसेन्समधून ओपीएनसेन्स वेगळी झाली. दोन्हींच्या पोटात मूळचा ओपनबीएसडीचा पीएफ हा पॅकेट फिल्टर, म्हणजे पाकिटे (नेटवरच्या माहितीचे छोटे तुकडे) गाळणारा भाग, आहे. मी ओपीएनसेन्स वापरतो, कारण तिची मोठी आवृत्ती दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ठरल्याप्रमाणे येते, मधली अपडेट वरचेवर मिळतात, आणि मेनूंची मांडणी मला अधिक नीट वाटते. ज्यांना लिनक्सची सवय आहे आणि ज्यांचे यंत्र अगदी लहान आहे, त्यांनी ओपनडब्ल्यूआरटी जरूर पाहावी.

ओपीएनसेन्सच्या संकेतस्थळावर चार प्रकारच्या फाइली दिसतात. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून बसवायचे असल्यास त्यांतील व्हीजीए ही फाइल घ्यावी. ती बीझेड२ प्रकारे आवळलेली असते, म्हणून आधी सेव्हन-झिपने उघडून घ्यावी. डाउनलोड पानावर दिलेला शा-२५६ आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, आपल्या फाइलच्या आकड्याशी पडताळून पाहावा. घराच्या दाराला लावायचे कुलूप रस्त्यात कोणी बदललेले नाही ना, हे पाहण्याचा कंटाळा करू नये. नंतर रूफस किंवा बलेना एचर वापरून ती पेन ड्राइव्हवर लिहावी.

पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केल्यावर बरीच अक्षरे सरकून शेवटी लॉगिन विचारले जाते. तेथे नाव ‘इन्स्टॉलर’ आणि पासवर्ड ‘ओपीएनसेन्स’, दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाकल्यावर बसवण्याची प्रक्रिया सुरू होते. फाइल सिस्टीम विचारली की झेडएफएस निवडावी, कारण अचानक वीज गेल्यावर ती यूएफएसपेक्षा चांगली तग धरते. पुढे डिस्कची यादी येते, आणि तेथे अनेक जण अडकतात. डिस्कवर स्पेस बारने खूण करावी लागते; नुसते एंटर दाबले तर डिस्क निवडलीच नाही असा निरोप येतो. यादीत पेन ड्राइव्हही दिसू शकतो, तेव्हा आकार पाहूनच खूण करावी. शेवटी रूट वापरकर्त्याचा नवा पासवर्ड ठेवावा, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि त्याच वेळी पेन ड्राइव्ह काढून घ्यावा.

पोर्ट ओळखणे आणि दोन घरांचा एकच पत्ता

यंत्र सुरू झाल्यावर काळ्या पडद्यावर अंकांचा एक मेनू येतो. त्यातील १ हा पर्याय पोर्ट ठरवण्यासाठी आणि २ हा पत्ते देण्यासाठी आहे. आय२२६ चिपेचे पोर्ट प्रणालीला आयजीसी० ते आयजीसी३ या नावांनी दिसतात, परंतु कवचावर छापलेले क्रमांक त्यांच्याशी जुळतीलच असे नाही. म्हणून एका वेळी एकच केबल लावून कोणता पोर्ट जागा होतो ते पाहावे, आणि कवचावर स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावावी. माझी मांडणी अशी आहे : पहिला पोर्ट वॅन, म्हणजे बाहेरचे नेट, दुसरा लॅन, म्हणजे घर आणि वायफाय, तिसरा केवळ कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसाठी, आणि चौथा राखीव.

यापुढची पायरी अजिबात गाळू नये. ओपीएनसेन्स आपल्या लॅनला आपोआप १९२.१६८.१.१ हा पत्ता देते. नेट देणाऱ्याच्या डब्याचा पत्ताही पुष्कळदा हाच असतो. डबा फायरवॉलच्या वॅनला १९२.१६८.१.५ असा काही पत्ता देतो, आणि मग फायरवॉलला आपल्या दोन्ही अंगांना एकच गल्ली दिसू लागते. टपाल नेमके कोणत्या दारातून पाठवायचे हे तिला कळत नाही. पहिल्या रात्री मी दोन तास केबल बदलत बसलो होतो, आणि दोष केबलमध्ये नव्हताच. मेनूतल्या २ या पर्यायातून लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करावा, सबनेट २४ ठेवावे, वस्तूंना आपोआप पत्ते वाटणारी डीएचसीपी चालू ठेवावी, आणि मगच बाहेरची केबल जोडावी. लॅपटॉप दुसऱ्या पोर्टाला लावून ब्राउझरमध्ये हा नवा पत्ता उघडला की पुढचे सारे काम माऊसने करता येते. ब्राउझर प्रमाणपत्राविषयी इशारा देईल. ते प्रमाणपत्र यंत्राने स्वतःच बनवलेले असल्याने येथे पुढे जाण्यास हरकत नाही.

बाहेरची जोडणी

येथे तुमच्या नेट देणाऱ्याशी बोलणे भाग आहे. सर्वांत चांगली स्थिती म्हणजे त्याचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकणे, ज्यामुळे तो केवळ फायबरचे लॅनमध्ये रूपांतर करतो आणि पीपीपीओईचे, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन नेट देणाऱ्याशी जोडले जाण्याचे, लॉगिन फायरवॉल स्वतः करते. आमच्याकडे आलेल्या मुलाने ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, ब्रिज मारून देतो, पण उद्या नेट गेलं तर कंप्लेंट घेणार नाही हां.” त्याचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, कारण ब्रिज केल्यावर त्याला त्याच्या कार्यालयातून डब्यापलीकडचे काही दिसत नाही. त्याच्याकडून पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड लिहून घ्यावा, आणि व्हीलॅनचा, म्हणजे एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्के ओळखण्याचा, क्रमांक लागतो का हेही विचारावे. त्याच डब्यावर लँडलाइन असेल तर ब्रिज केल्यावर ती चालू राहील का, हे आधीच विचारलेले बरे.

काही स्थानिक नेट देणारे ग्राहकाच्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक, आपल्याकडे बांधून ठेवतात. नाव आणि पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर जुन्या राउटरच्या बुडाशी छापलेला मॅक पत्ता वॅनच्या सेटिंगांत टाकून पाहावा. पीपीपीओईसाठी एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १४९२ लागतो, कारण इथरनेटच्या १५०० बाइटांतले ८ बाइट त्याच्या स्वतःच्या शीर्षात जातात. हा आकडा चुकला की काही साइट झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात. फ्रीबीएसडीवर पीपीपीओईची येणारी सारी पाकिटे कार्डाच्या एकाच रांगेत पडतात, म्हणून त्यांचा भार एकाच कोअरवर येतो. घरगुती वेगांना एन१०० तेवढ्यावरही पुरतो.

ब्रिज मिळत नसेल तरी निराश होऊ नये. डब्यामागे फायरवॉल, अशी दुहेरी नॅटची मांडणी रोजच्या वापरास चालते. बाहेरून घरात यायचे असेल तेव्हाच ती आडवी येते. तसेही वॅनला १००.६४ ते १००.१२७ यांपासून सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर तुमच्या पुढे नेट देणाऱ्याचे स्वतःचे नॅट आहे असे समजावे. पत्त्यांचा हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवण्यात आला.

घरातला जुना वायफाय राउटर फेकू नये. त्याची डीएचसीपी बंद करावी, त्याला १९२.१६८.१०.२ असा पत्ता द्यावा, आणि केबल त्याच्या वॅन पोर्टाऐवजी लॅन पोर्टात लावावी. मग तो केवळ वायफाय देणारा ॲक्सेस पॉइंट होतो. मात्र पुढे सांगितलेल्या वेगळ्या पंगती वायफायवरही हव्या असतील, तर व्हीलॅन समजणारा ॲक्सेस पॉइंट आणि एक छोटा स्मार्ट स्विच घ्यावाच लागतो. फायरवॉलचे चार पोर्ट एकत्र बांधून स्विचचे काम करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण जे काम स्विचची चिप फुकटात करते ते त्यामुळे प्रोसेसरच्या गळ्यात पडते.

पंगती मांडणे

आमच्या घरी चार पंगती, म्हणजे चार वेगळी नेटवर्के, आहेत. १९२.१६८.१० ही घरची, फोन, लॅपटॉप आणि प्रिंटरसाठी. १९२.१६८.२० ही टीव्ही, घंटा, एसी आणि दिव्यांची, व्हीलॅन २०. १९२.१६८.३० ही पाहुण्यांची, व्हीलॅन ३०. आणि १९२.१६८.४० ही तिसऱ्या पोर्टावरच्या रेकॉर्डरची. शेवटची पंगत व्हीलॅनने न करता वेगळ्या पोर्टाने केली, हा चार पोर्टांचा दुसरा फायदा. ज्यांच्याकडे स्मार्ट स्विच नाही त्यांनी निदान एवढे तरी आजच करावे, कारण एक केबल हलवण्यापलीकडे त्यासाठी कोणतेही सामान लागत नाही.

आता नियम. पहिली गोष्ट म्हणजे, नियम नेहमी पाकीट ज्या दारातून फायरवॉलमध्ये शिरते त्या दारावर लिहायचा असतो. टीव्हीला लॅपटॉपकडे जाऊ द्यायचे नसेल तर पाटी टीव्हीच्या दारावर लागते, लॅपटॉपच्या दारावर नव्हे. दुसरी गोष्ट, नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळणारा नियम लागू होतो आणि पुढचे पाहिलेच जात नाहीत. तिसरी गोष्ट, नव्या पंगतीवर एकही नियम नसेल तर सारेच बंद असते. नवा इंटरफेस केल्यावर ‘पत्ता मिळतो पण नेट नाही’ अशी तक्रार असते ती यामुळे. केवळ मूळच्या लॅनला सर्वत्र जाण्याची मुभा आधीपासून दिलेली असते. चौथी गोष्ट, फायरवॉल चालू संभाषण लक्षात ठेवते, म्हणून आतून मागितलेल्याचे उत्तर परत येण्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही.

रेकॉर्डरच्या दारावर मी एकच नियम लिहिला आहे : फायरवॉलच्या त्या बाजूच्या पत्त्यावर यूडीपी १२३ या पोर्टाला जाऊ द्यावे. हा वेळ मिळवण्याचा पोर्ट आहे; येथे पोर्ट म्हणजे केबलचे भोक नव्हे, तर सेवेचा ठरलेला क्रमांक. रेकॉर्डरच्या सेटिंगांत वेळेचा सर्व्हर म्हणून १९२.१६८.४०.१ टाकावा. नेट तोडलेल्या रेकॉर्डरचे घड्याळ काही महिन्यांत कित्येक मिनिटे सरकते, आणि चोरी झालीच तर चित्रणावरची चुकीची वेळ पोलिसांपुढे समजावत बसण्याची पाळी येते. याखेरीज रेकॉर्डरला काहीही नाही, डीएनएससुद्धा नाही. नियम लावल्यावर फायरवॉलच्या लॉगचे थेट दृश्य उघडून मी पाहिले, तर रेकॉर्डरच्या पत्त्यापुढे दर काही सेकंदांनी एक लाल ओळ उमटत होती. मी कधीही न सांगितलेल्या परदेशी पत्त्यांची दारे तो वाजवत होता. घरच्या पंगतीला सर्वत्र जाण्याची मुभा असल्यामुळे घरातल्या फोनवर चित्रण पूर्वीसारखेच दिसते. कंपनीचे ॲप मात्र बाहेर असताना चालत नाही. त्याचा उपाय पुढे दिला आहे.

टीव्हीच्या पंगतीचे नियम थोडे अधिक आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत वर, फायरवॉलच्या त्या बाजूच्या पत्त्यावर डीएनएससाठी ५३ आणि वेळेसाठी १२३ या पोर्टांना परवानगी द्यावी. त्याखाली, ‘धिस फायरवॉल’ हे ठिकाण निवडून बाकी सारे अडवावे, म्हणजे टीव्हीला फायरवॉलचे लॉगिन पान दिसणार नाही. त्याखाली खासगी पत्त्यांचे तिन्ही पट्टे, म्हणजे १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६, एका एलियासमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या यादीत, बांधून ते अडवावेत. दुहेरी नॅट असेल तर यामुळे नेट देणाऱ्याच्या डब्याचे पानही बंद होते. सर्वांत खाली, उरलेले सारे जाऊ द्यावे. पाहुण्यांसाठी हेच नियम जसेच्या तसे चालतात.

यात एक फट राहते, आणि बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. वरचे तीन पट्टे आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे आहेत. आयपीव्ही६ ही नवी पद्धत चालू असेल तर घरातल्या प्रत्येक वस्तूला जाहीर पत्ता मिळतो, आणि टीव्ही त्या वाटेने लॅपटॉपपर्यंत पोहोचतो. एलियास तेथे काहीच अडवत नाही. म्हणून ‘लॅन नेट’ आणि रेकॉर्डरचे नेट ही ठिकाणे देऊन आणखी एक अडवणारा नियम लिहावा आणि त्यात आयपीव्ही४ व आयपीव्ही६ दोन्ही निवडावेत. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी : एकाच पंगतीतल्या दोन वस्तू एकमेकांशी बोलतात तेव्हा ते ट्रॅफिक फायरवॉलपर्यंत येतच नाही. टीव्ही आणि एसी एकमेकांना त्रास देऊ शकतातच.

फोनवरचे चित्र टीव्हीवर टाकण्याची सोय पंगती वेगळ्या केल्यावर बंद पडते, कारण वस्तू एकमेकींना शोधण्यासाठी जी हाक मारतात ती आपल्या पंगतीबाहेर जात नाही. एमडीएनएस रिपीटर हे प्लगइन बसवून ती हाक घरच्या आणि टीव्हीच्या पंगतींमध्ये पोहोचवता येते. प्रिंटर मी त्यापायीच घरच्या पंगतीत ठेवला आहे. प्रत्येक वस्तूसाठी तत्त्वाची लढाई लढण्यात अर्थ नाही.

सारे लिहून झाल्यावर परीक्षा घ्यावी. फोन टीव्हीच्या वायफायला जोडून १९२.१६८.१०.१ आणि रेकॉर्डरचे पान उघडण्याचा प्रयत्न करावा. दोन्ही उघडता कामा नयेत, आणि लॉगमध्ये त्याच क्षणी लाल ओळी दिसल्या पाहिजेत. न तपासलेला नियम लिहिला नाही असेच धरावे.

डीएनएस, वेग आणि बाहेरून घरात येणे

ओपीएनसेन्समध्ये अनबाउंड ही डीएनएस सेवा तयारच असते. तिच्यातील ब्लॉकलिस्टमधून एखादीच यादी निवडून सुरुवात करावी. मी उत्साहात पाच याद्या एकदम लावल्या आणि दुसऱ्याच दिवशी आईचे वीजबिल भरण्याचे पान अर्ध्यावर अडले. जाहिराती पूर्णपणे जातील ही अपेक्षाही ठेवू नये; यूट्यूबच्या जाहिराती व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येत असल्याने डीएनएस त्यांना हात लावू शकत नाही. नेट देणाऱ्याला आपण विचारलेली नावे दिसू नयेत असे वाटत असेल, तर ८५३ पोर्टावरून चालणारे कूटबद्ध डीएनएस क्वाड९ च्या ९.९.९.९ या पत्त्यासह चालू करता येते.

घरात एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटतो, हा त्रास ट्रॅफिक शेपरमधल्या एफक्यू-कोडेल या पर्यायाने जवळजवळ नाहीसा होतो. त्यासाठी मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के आकडा येण्या-जाण्याच्या दोन्ही दिशांना द्यावा. १०० एमबीपीएस असेल तर ९० टाकावेत.

सुरिकाटा हे घुसखोरी ओळखणारे साधन मी बसवले आणि महिन्याभरात काढून टाकले. घरातले बहुतेक ट्रॅफिक आता कूटबद्ध असल्याने त्याला आत पाहता येत नाही, आणि ज्या सूचना येतात त्या वाचायला रोज कोणाला वेळ असतो?

बाहेरून कॅमेरे पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्यांसाठी थेट आतल्या वस्तूपर्यंत वाट उघडणे, कधीही करू नये. त्याऐवजी वायरगार्ड हे बाहेरून घरापर्यंत कूटबद्ध वाट काढणारे व्हीपीएन लावावे. ते ओपीएनसेन्समध्ये अंगभूत आहे, त्यासाठी वॅनवर यूडीपी ५१८२० हा एकच पोर्ट उघडावा लागतो, आणि योग्य चावीविना आलेल्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही. दुहेरी नॅट असेल तर हाच पोर्ट डब्यावरूनही फायरवॉलकडे वळवावा लागतो. वॅनचा पत्ता १००.६४ च्या पट्ट्यातला असेल, तर नेट देणाऱ्याकडून जाहीर स्थिर पत्ता विकत घ्यावा किंवा आयपीव्ही६ ची वाट वापरावी.

बॅकअप, आणि आपण घरी नसताना

सर्व सेटिंगांची एकच एक्सएमएल फाइल बॅकअपच्या पानावरून उतरवता येते. प्रत्येक मोठ्या बदलानंतर ती घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवावी. नवे यंत्र आणले तरी तीच फाइल चालते, फक्त पोर्टांची नावे पुन्हा जुळवावी लागतात. झेडएफएस असल्याने अपडेटपूर्वी स्नॅपशॉटही घेता येतो आणि बिघडल्यास मागे जाता येते. अपडेट रविवारी सकाळी करावे, कोणाच्या ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.

मी एकदा चार दिवस कोल्हापूरला असताना घरचे नेट गेले, आणि फोनवरून आईला पोर्ट समजावताना माझाच घसा बसला. आता फायरवॉलखाली भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिले आहे : आधी पांढऱ्या डब्यावर लाल दिवा आहे का पाहावे; असल्यास नेट देणाऱ्याला फोन करावा. लाल दिवा नसल्यास काळ्या यंत्राची पिन काढून एक मिनिटाने पुन्हा लावावी आणि पाच मिनिटे थांबावे. तरीही नेट आले नाही तर निळी चिकटपट्टी असलेली केबल काळ्या यंत्रातून काढून खणातल्या जुन्या राउटरच्या निळ्या भोकात लावावी आणि राउटर सुरू करावा. त्या राउटरमध्ये पीपीपीओईचे नाव, पासवर्ड आणि घरच्या वायफायचे तेच नाव आधीच भरून ठेवले आहे.